ब्रेक दाबला की हँडल थरथरतं? डिस्क बदलण्याआधी एवढं बघून घ्या

"ब्रेक दाबला की हँडल लई थरथरायलंय. आन् डिस्क तर दिवाळीलाच बदललीय." बीड भागात गाड्यांची कामं करताना ही तक्रार सतत येते, आणि तिच्यातलं दुसरं वाक्य जास्त महत्त्वाचं असतं. डिस्क बदलूनही थरथर परत आली, याचा अर्थ डिस्क बिघडवणारं कारण गाडीतच राहून गेलंय. चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायचा प्रकार. तो चोर कसा शोधायचा, ते मी ज्या क्रमानं बघतो त्याच क्रमानं लिहितोय: आधी फुकटातलं, मग थोड्या खर्चाचं, शेवटी हत्यारं आणि सराव लागणारं. पुढं डिस्क, मागं ड्रम आणि हातानं ओढायचा हँडब्रेक अशी आपल्याकडची नेहमीची चारचाकी धरून चाललोय. हँडल म्हणजे स्टेअरिंग, आणि डिस्क म्हणजे चाकासोबत फिरणारी लोखंडी चकती, जिला ब्रेकचे पॅड दोन्ही बाजूंनी दाबतात.

आधी लक्षणं ओळखा

जॅक काढायची घाई नको. रिकाम्या, सरळ, चांगल्या रस्त्यावर गाडी घ्या आणि नेमकं काय होतंय ते बघा.

थरथर फक्त ब्रेकवर पाय असतानाच येते आणि पाय उचलला की थांबते, तर दोष ब्रेकच्या बाजूला आहे. ब्रेकला पाय न लावताही ८० ते १०० च्या वेगात हँडल हलत असेल, तर आधी चाक, टायर आणि बॅलन्सिंग बघायचं. दोन्ही वेळा हलत असेल तरी सुरुवात चाकापासूनच करा, कारण चाकाचा दोष अंगात असताना ब्रेकचं निदान नीट होत नाही.

हँडल हलतं, तर दोष बहुतेक पुढच्या चाकांत. हँडल शांत, पण सीट आणि पायाखालची फरशी हादरते, तर मागचे ड्रम. याची खात्री करायची सोपी रीत म्हणजे मागंपुढं कुणी नसलेल्या सरळ रस्त्यावर ३०–४० च्या वेगात हँडब्रेकचं बटण दाबूनच ठेवायचं आणि दांडा हळूहळू ओढायचा. हँडब्रेक मागच्या चाकांवर चालतो. त्यानं थरथर आली तर मागचे ड्रम. हँडब्रेकवर गाडी गुळगुळीत थांबते आणि पायाच्या ब्रेकवर हादरते, तर पुढचं. पावसात, मुरमावर किंवा वळणावर हा प्रयोग करायचा नाही. दांड्याऐवजी नुसत्या बटणावर चालणारा इलेक्ट्रिक हँडब्रेक असेल तर अजिबातच नाही.

पॅडल पायाला टकटक मारतं का, तेही बघा. हँडल हलतं आणि त्याच तालात पॅडलही वरखाली होतं, तर डिस्कची जाडी सगळीकडं सारखी राहिलेली नाही, असं समजायला हरकत नाही. मात्र खडीवर किंवा ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारल्यावर पॅडल खर्रर्र करत पायाला मारत असेल, तर ते एबीएसचं, म्हणजे चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचं, काम चालू आहे. २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या सगळ्या नव्या कारना एबीएस आहे. जुनी गाडी विकून नवी घेतलेले लोक या आवाजानं घाबरून येतात. त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नसतं.

आणखी एक प्रश्न हमखास येतो: "पन्नासला काहीच नाही, नव्वदला दाबला की हादरतं, असं कसं?" साध्या हॅचबॅकच्या चाकाचा घेर दोन मीटरच्या जरासा आत असतो. ताशी १०० किलोमीटरला ते चाक सेकंदाला साधारण १४ फेरे मारतं. सस्पेन्शन आणि स्टेअरिंगची स्वतःची झुलण्याची लय त्याच्याच आसपास असते. डिस्कचे धक्के त्या लयीला गाठतात तेव्हा थरथर अनेक पटींनी वाढते, वेग उतरला की सुटते. म्हणून गावातल्या रस्त्यावर ठीक वाटणारी गाडी समृद्धी महामार्गावर ११०–१२० वरून ब्रेक दाबल्यावर अचानक बिघडल्यासारखी वाटते. बिघाड आधीचाच असतो. जालन्याला समृद्धीवर चढून गेल्यावर तो फक्त उघडा पडतो.

फुकटातल्या तपासण्या

पहिली तपासणी रिमच्या आतल्या बाजूची. आपली काळी माती पावसाळ्यात चिकटते आणि वाळली की सिमेंटसारखी बसते. शेतात गाडी घालून आलं की रिमच्या आत तळहाताएवढा गोळा एका बाजूला बसलेला असतो. बॅलन्सिंगला १०–२० ग्रॅमनं फरक पडतो, तिथं हा गोळा पाव किलोचासुद्धा निघतो. बाहेरून धुतलेल्या गाडीत तो दिसत नाही. हात घालून चाचपा, लाकडी काडीनं खरवडा, पाण्याचा फवारा आतून मारा, पण चाक पूर्ण थंड झाल्यावरच. गरम डिस्कवर पाणी का नको, ते पुढं सांगतो.

दुसरी, टायर. कडेला फुगवटा, एका जागी जास्त झिजलेला पट्टा, दोन बाजूंची वेगवेगळी हवा. फुगवटा दिसला तर पुढचं सगळं वाचायचं थांबवा आणि आधी टायर बदला. तो टायर घेऊन महामार्गावर जायचं नाही.

तिसरी तपासणी नटांची, आणि इथं जरा थांबतो, कारण माझ्याकडं परत परत येणाऱ्या गाड्यांत याचा वाटा मोठा आहे. पंक्चरच्या दुकानात एअर गननं नट आवळले जातात. एक नट प्रमाणाबाहेर घट्ट, शेजारचा त्याच्या निम्मा. चाक डिस्कला हबवर (चाक आणि डिस्क ज्या फिरत्या बैठकीवर बसतात तिच्यावर) दाबून धरतं, त्यामुळं हा असमान दाब डिस्कच्या मधल्या भागाला किंचित वाकडं करतो. डोळ्याला काही दिसत नाही, पण डिस्क फिरताना डावी-उजवीकडं डुलायला लागते. पंक्चर काढल्यावर किंवा टायर बदलल्यावर थोड्याच दिवसांत थरथर सुरू झाली असेल, तर पहिला संशय इथंच घ्या.

उपाय सोपा आहे. चाक वर उचललेलं असताना सगळे नट हातानं आणि मग पान्यानं हलकेच बसवा, एक सोडून समोरचा असे आलटून पालटून. मग चाक जमिनीवर टेकवा आणि त्याच क्रमानं शेवटचं आवळा. टॉर्क पाना मिळाला तर उत्तम. बहुतेक लहान गाड्यांना ८५ ते १२५ न्यूटन मीटरच्या दरम्यान आकडा असतो, आपल्या गाडीचा नेमका आकडा पुस्तिकेत बघा. टॉर्क पाना नसेल तर गाडीसोबत आलेला पाना हातानं जोर लावून पुरतो. पान्यावर उभं राहून उड्या मारायच्या नाहीत, नळीचा तुकडा जोडून दांडा लांब करायचा नाही, आणि स्टडला (नट ज्यावर बसतो त्या बोल्टला) ऑइल-ग्रीस लावायचं नाही. ऑइलवर नट ठरल्यापेक्षा जास्त आवळला जातो. पन्नास-शंभर किलोमीटरनंतर एकदा पुन्हा तपासा. नट मोकळा फिरत राहतोय किंवा स्टडचे आटे गेलेत असं दिसलं, तर गाडी तिथंच उभी करा. ते काम घरी होत नाही.

चौथी, चाकांची उष्णता. दहा-बारा किलोमीटर नेहमीसारखी गाडी चालवा, सावकाश थांबवा आणि पुढच्या दोन्ही रिमजवळ तळहात न्या. हात लावायचा नाही, भाजतं. दोन्हीकडची धग साधारण सारखी हवी. एका बाजूला स्पष्ट जास्त धग, जळका वास, गाडी एकीकडं ओढतेय, ही अडकलेल्या कॅलिपरची (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाची) खूण आहे. पॅड सोडतच नाही, डिस्क सतत तापत राहते, आणि मग नवी डिस्कही तशीच खराब होते.

थोडा खर्च, थोडा हात काळा

पुढची दोन्ही चाकं बॅलन्सिंगला न्या. आतल्या बाजूची माती आधी काढून घ्या, नाहीतर मशीन त्या मातीलाच हिशेबात धरून वजन लावतं आणि माती गळून पडली की चाक पुन्हा बिघडतं. रिमला मार बसलाय का तेही मशीनवर चाक फिरताना दिसतं. बॅलन्सिंगचा खर्च डिस्क-पॅडच्या बिलाच्या पासंगालाही पुरत नाही. बाहेरून बसवलेले अलॉय असतील, तर त्यांचं मधलं छिद्र हबवर नेमकं बसतं का ते विचारा. छिद्र मोठं असेल तर मध्ये रिंग लागते. अलाइनमेंट मात्र या दोषाचं औषध नाही. ते टायरची झीज आणि गाडी सरळ चालण्यासाठी आहे. थरथरीवर ते करून दिलं असेल, तर बिल तेवढं वाढलं.

यापुढं चाक काढावं लागतं. सपाट, कडक जागा हवी. मऊ काळ्या जमिनीवर जॅक रुततो. मागच्या चाकांना दगड लावा, गाडी गिअरमध्ये ठेवा, उचलल्यावर घोडी (गाडी पेलून धरणारा लोखंडी स्टँड) लावा. नुसत्या जॅकच्या भरवशावर हात आत घालायचा नाही.

चाक निघाल्यावर डिस्ककडं उजेडात तिरपं बघा. काळपट किंवा राखाडी डाग ठरावीक जागी दिसतात का? डिस्क "वाकडी झाली" असं सगळे म्हणतात. प्रत्यक्षात ती वाकण्यापेक्षा पॅडचा मसाला तिच्यावर कुठं जाड, कुठं पातळ बसण्याचा प्रकार जास्त असतो. मांजरसुंब्याचा किंवा धारूरचा घाट ब्रेकवरच उतरायचा, आणि खाली चहाला थांबताना पॅडलवर पाय दाबून गाडी उभी ठेवायची, की तापलेल्या डिस्कवर पॅडचा ठसा उमटतो. असे डाग ताजे असतील तर ८० ते १२० नंबरच्या पॉलिश पेपरनं डिस्क दोन्ही बाजूंनी गोल-गोल घासा, पॅडचा चकाकणारा थरही काढा आणि गाडी चालवून बघा. कित्येकदा एवढ्यावर भागतं. डाग निळसर आणि खोल असतील तर तिथं लोखंडाची जातच बदलून ते कडक झालेलं असतं. ते घासून जात नाहीत, लेथवरही हत्यार त्यावरून उडी मारतं. ती डिस्क भंगारात.

कडेपासून निघालेली भेग दिसली, तर गाडी चालवायचीच नाही. मेकॅनिकला जागेवर बोलवा किंवा टो करून न्या.

ब्रेकची धूळ हवेच्या पाइपनं उडवू नका. ती छातीत जाते. ब्रेक क्लीनर किंवा ओलं फडकं वापरा.

आता कॅलिपरच्या पिना. कॅलिपर ज्या दोन पिनांवर पुढंमागं सरकतो, त्या हाताच्या जोरानं सहज सरकायला हव्यात. रबराचं बूट फाटलं की धूळ-पाणी आत जातं आणि पिन गंजून बसते. मग दोन पॅडपैकी एकच डिस्कला दाबतो. त्याची सोपी खूण म्हणजे आतला पॅड पार संपलेला आणि बाहेरचा अर्धा शिल्लक. पिना काढून पुसा, बूट नवं घाला आणि ब्रेकसाठीचंच सिलिकॉन ग्रीस लावा. बेअरिंगला घालतो ते साधं ग्रीस इथं घातलं तर रबर फुगतं आणि पिन पुन्हा जॅम होते. हे काम कुणी पाच मिनिटांत उरकलं असेल, तर ते झालेलं नाही.

डिस्क पुन्हा पुन्हा जाते, तिथं हब बघा

डिस्क बदलल्यावर महिना-दोन महिने गाडी मस्त चालते आणि चार-सहा हजार किलोमीटरनंतर थरथर परत येते, या प्रकाराचं उत्तर बहुतेक वेळा डिस्कच्या मागं, हबच्या सपाट तोंडावर असतं.

अंबाजोगाईकडची एक टॅक्सी याच तक्रारीवर आली होती. डिस्क नव्या, पॅड नवे, बॅलन्सिंग झालेलं. डायल गेज (बारीक डुलणं काट्यावर दाखवणारं मापयंत्र) लावून डिस्क फिरवली तर काटा ०.१४ मिलिमीटरपर्यंत हलत होता. डिस्क उतरवली. हबच्या तोंडावर गंजाचा थर, आणि एका स्टडच्या बुडाशी नखाएवढी गंजाची खपली चिकटलेली. आधीच्या माणसानं नवी डिस्क तिच्यावरच बसवून टाकलेली. तारेच्या ब्रशनं हब लखलखीत केला, डिस्कची आतली बाजू पुसली, तीच डिस्क परत लावली. काटा ०.०४ वर आला.

एवढ्याशा खपलीनं इतका फरक पडतो, कारण डिस्कची कड हबच्या बसकणीपेक्षा बरीच बाहेर असते, त्यामुळं मध्ये आलेला कचरा कडेला जवळपास दुप्पट होऊन दिसतो. पण डिस्क डुलते म्हणून लगेच थरथर येत नाही, हे मालकाला पटवणं अवघड जातं. चाक एका किलोमीटरला साधारण ५०० फेरे मारतं, आणि प्रत्येक फेऱ्यात डिस्कचा तोच उंचवटा ब्रेक न दाबताही पॅडला घासून जातो. हजारो किलोमीटर हे चाललं की तेवढ्याच जागी डिस्क पातळ होते. जाडीत ०.०२ मिलिमीटरचा फरक पडला की हँडलला कळायला लागतं. केसाची जाडीसुद्धा याहून जास्त असते. तोपर्यंत डिस्क बसवणाऱ्याची वॉरंटी संपलेली असते आणि दोष "हलक्या मालावर" जातो.

डायल गेज लावताना डिस्कवर सगळे नट वॉशर घालून आवळलेले हवेत, आणि आधी बेअरिंगची ढिलाई तपासलेली हवी, नाहीतर काटा भलतंच दाखवतो. डुलणं बहुतेक गाड्यांत ०.०५ ते ०.१ मिलिमीटरच्या आत चालतं. जास्त आलं तर डिस्क एक स्टड पुढं फिरवून बसवा आणि पुन्हा मोजा; हबचा आणि डिस्कचा दोष कधीकधी एकमेकांना खाऊन टाकतो. डिस्कला जागा ठरवणारा स्क्रू असेल तर हे जमत नाही. जाडी मोजायला मायक्रोमीटर लागतो, कडेच्या थोडं आत, सात-आठ ठिकाणी. साध्या व्हर्नियरला हा फरक पकडता येत नाही.

लेथचं काय? डिस्कवर कमीत कमी जाडीचा आकडा कोरलेला असतो. घासल्यानंतर त्याच्यावर भरपूर शिल्लक राहणार असेल तरच लेथवर न्या. लेथवाल्यानं डिस्क नीट मध्यावर धरली नाही, तर गेली होती त्यापेक्षा वाकडी होऊन येते. गाडीवरच लावून घासणारं मशीन जवळपास असेल तर ते चांगलं, कारण ते हबसकट हिशेब धरतं. जाडी काठावर असेल तर घासण्याचे पैसेही घालू नका, दोन्ही बाजूंच्या डिस्क आणि पॅड एकदमच नवे घ्या. एका बाजूची डिस्क बदलणं मला मान्य नाही.

इथं हात थांबवा

बुश, बॉल जॉइंट, टाय रॉड एंड आणि बेअरिंग. लोअर आर्मचा बुश (चाक धरून ठेवणाऱ्या खालच्या दांड्याच्या सांध्यातलं रबर) फाटला की ब्रेक दाबताना चाक मागं सरकतं, "टक" असा आवाज येतो, आणि डिस्कचा जरासा दोषही हँडलवर मोठा होऊन जाणवतो. आपल्या रस्त्यांवर हे बुश लवकर जातात. वर उचललेलं चाक वर-खाली धरून हलवलं आणि खटखट लागली, तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट. डावी-उजवीकडं धरून लागली, तर टाय रॉड. एवढी तपासणी तुम्ही करू शकता. दुरुस्ती प्रेस आणि पुलर असलेल्या गॅरेजलाच करू द्या, आणि बॉल जॉइंट ढिला लागला तर गाडी चालवत नेऊ नका.

मागचे ड्रम घरी उघडू नका. स्प्रिंग उडून डोळ्याला लागते, आणि शूची (ड्रमला आतून दाबणाऱ्या पट्ट्यांची) जुळवणी चुकली तर हँडब्रेक जातो. ड्रम अंडाकृती झाला असेल तर तो मोजून, मर्यादेत असेल तरच घासतात.

पॅडल मऊ लागतं किंवा दाबल्यावर खाली जात राहतं, चाकाच्या आतल्या बाजूला ब्रेक ऑइलचा ओलावा दिसतो, लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज येतो, डॅशबोर्डवर ब्रेकचा दिवा लागलाय, यातलं काहीही असेल तर प्रयोग बंद. कॅलिपरचा पिस्टन किंवा ब्रेकचा रबरी पाइप आतून बंद झाल्याची शंका असेल तेही गॅरेजचं काम, कारण लाइन उघडली की हवा काढावी लागते. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं. डॉट ३ जातीचं नवं ऑइल २०५ अंशांना उकळतं, पाणी धरलेलं १४० ला. म्हणून लाइन उघडलीच आहे तर ऑइल पूर्ण बदलून घ्या, नुसतं वरून भरू नका.

नवी डिस्क टाकल्यावर

पहिल्याच दिवशी पॅड बसवून घ्यावे लागतात. मोकळ्या रस्त्यावर ६० वरून २० पर्यंत बेतानं ब्रेक, आठ-दहा वेळा, मध्ये अर्धा किलोमीटर मोकळं चालवत. पूर्ण थांबायचं नाही. नंतर पाच-सहा किलोमीटर शक्यतो ब्रेक न लावता चालवा म्हणजे डिस्क निवते. हे कोणी सांगत नाही, म्हणून लोक शोरूममधून निघून सरळ गावातल्या गर्दीत शिरतात.

कन्नडचा घाट असो की धारूरचा, उतरताना दुसरा किंवा तिसरा गिअर. घाट संपल्यावर दोन-तीन किलोमीटर सावकाश चालवून मगच थांबा, आणि उभी केल्यावर ब्रेकवर पाय दाबून ठेवू नका. मागचे ड्रम तापलेले असताना हँडब्रेक ओढून ठेवण्यापेक्षा गिअर टाका, चाकाला दगड लावा. एप्रिल-मेमध्ये तापलेली गाडी थेट वॉशिंगला लावायची नाही. लाल तव्यावर पाणी टाकल्यावर तवा कसा तडकतो, ते सगळ्यांना माहीत आहे. वॉशिंगवाल्याला अर्धा तास थांब म्हणा.

गॅरेजला काम देताना बिलावर दोन आकडे लिहून मागा: डिस्क बसवण्याआधी हबचं डुलणं किती आणि बसवल्यावर डिस्कचं किती. डायल गेज नाही म्हणाले, तर हे काम दुसरीकडं न्या.